पाखरांना मिरची लागत नाही

“तिले मिरची लागतच नही वो माय. पाखरू शे पाखरू.”

पथारीवर देठ खुडत बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी हे म्हणालं आणि बाकीच्या हसल्या. कोण म्हणालं ते कळायला मार्ग नव्हता. खाट, म्हणजे मिरचीचा उग्र खकाणा, लागू नये म्हणून सगळ्यांनी नाकातोंडावर ओढण्या आणि जुन्या लुगड्यांचे तुकडे गुंडाळलेले, फक्त डोळे उघडे. त्या हसतात तेव्हा तोंडं दिसत नाहीत, नुसते खांदे हलतात.

मी नुकतीच दोंडाईच्याहून आलेल्या रिक्षातून उतरून आत्याच्या ओट्यावर पिशवी ठेवत होते. माझं घर जळगावला, पण फार्मसीसाठी शिरपूरला होस्टेलवर राहते, त्यामुळे अधूनमधून रविवारी आत्याकडे येते. हिवाळ्यात तिच्या घराशेजारचं मोकळं रान मिरच्यांनी झाकून जातं. ओली लाल मिरची वाळायला पसरतात ती ही पथारी. माडीवरून पाहिलं की लाल रंग थेट रस्त्यापर्यंत गेलेला दिसतो आणि थोडा वेळ पाहत राहिलं की तो हलतोय असं वाटतं.

बायका बोलत होत्या ते माझ्या आतेबहिणीबद्दल. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, मी तिला ताई म्हणते. माघात तिचं लग्न होतं. ती पथारीच्या कडेला उभी होती. वाकून तिने एक वाळलेली मिरची उचलली, बडीशेप खावी तशी तोंडात टाकली आणि चावत माझ्याकडे पाहून हसली. तिच्या मागे, पार पलीकडच्या टोकाला, पोपटांचा थवा उतरला होता. तेही मिरच्याच खात होते, शांतपणे, बिया सोलून. पाखरांना मिरचीची आग जाणवत नाही हे आम्हाला शिकवलं होतं. माणसाला मात्र जाणवते. ताईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूसही नव्हता.

जेवायला शेवभाजी होती. दोन घासांत माझं नाक वाहू लागलं.

“जळगावनी पोर आनि रडस!” आत्या म्हणाली. “आमनी इंग्लिश मैना, बोलत काबर नही? पाणी पाहिजे तर सांग.”

मला अहिराणी कळते, बोलता येत नाही. शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठीही मी मनात एकदा जुळवून मगच बोलते आणि तोवर बोलणं पुढे निघून गेलेलं असतं. म्हणून घरात सगळे धरून चालतात की ही काही बोलणार नाही. अशा माणसासमोर लोक फार सावध राहत नाहीत. मला ताईचं ताट दिसत होतं. तिने भाकरीचे बारीक तुकडे केले, ते रश्श्यात बुडवले, ताटात इकडून तिकडे नेले आणि सगळे उठल्यावर अंगणातल्या कुत्र्यापुढे टाकले. हातातल्या बांगड्या तिने कोपरापर्यंत वर चढवल्या होत्या. खाली ठेवल्या असत्या तर गळून पडल्या असत्या.

“लग्नाचं तेज चढलंय पोरीवर,” आबा म्हणाले. आबा म्हणजे आत्याचे यजमान. “शिंप्याने दोनदा ब्लाउज आत घेतला.”

दुपारी ताईने मला माडीवर नेलं. कोनाड्यात स्टीलचा एक पेला झाकून ठेवलेला होता. तिने झाकण काढलं. कोमट पाणी आणि त्यात तिखट, इतकं की पेल्याच्या कडेला लाल थर चिकटलेला. ती ते चहासारखं प्यायली.

“साखरपुड्याला त्यांच्या काकूंनी माझा दंड दाबून पाहिला, आठवतं? ‘खात्यापित्या घरची दिसते’ म्हणाल्या. सगळे हसले. आई पण हसली.” तिने पेला खाली ठेवला. “तेव्हापासून सकाळ-दुपार-संध्याकाळ हेच घेते. बाकी काही नाही. मोबाइलवर एका डॉक्टरने सांगितलं, मिरचीतलं औषध चरबीची पेशी तयारच होऊ देत नाही. खरंय ना? तू तर हेच शिकतेस.”

खरं होतं, हीच अडचण होती. आमच्या प्रयोगशाळेत पुढच्या वर्गातल्या मुली त्यावरच काम करत होत्या. एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं होतं. काचेच्या बशीत उंदराच्या कोवळ्या पेशी वाढवतात. त्यांना चरबी साठवायला लावलं की आत तेलाचे थेंब जमतात आणि एक रंग घातला की ते थेंब लाल होतात. पहिल्या बशीत लाल मण्यांचे घोसच्या घोस होते. मला लगेच आत्याची पथारी आठवली. दुसऱ्या बशीत मिरचीतला तो तिखट घटक अगदी थोडा घातला होता. तिथे लाल जवळजवळ नव्हतंच. फिकट, लांबट पेशी पडून होत्या. मेलेल्या नव्हत्या. त्यांना जे व्हायचं होतं ते झाल्या नव्हत्या, इतकंच. त्या बशीवरून डोळा काढल्यावरही मला बराच वेळ वाटत राहिलं, की त्याही खालून माझ्याकडे बघतायत.

आमच्या मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, “हुरळू नका. बशीला भूक लागत नाही. माणसात याचा परिणाम झाला तरी जेमतेम होतो. आणि ज्या पेशी एकदा भरल्या त्या बारीक झाल्यावरही सहसा जात नाहीत. रिकाम्या होऊन आत तशाच राहतात.”

हे सगळं मला ताईला सांगायचं होतं. मी म्हणाले, “बशीतलं आणि पोटातलं वेगळं असतं, ताई. तू बारीक होतेयस ती मिरचीने नाही. तू जेवत नाहीयेस.”

“कशाने का असेना, होतेय ना?” ती हसली. मग पोटावर हात दाबून थोडी वाकली आणि तशीच बोलत राहिली. “आधी जळायचं. आता काहीच लागत नाही, तोंडात पण नाही. दोन महिने पाळी पण आली नाही. बरंच आहे, ऐन लग्नात अडचण नको.”

“आत्याला सांगूया,” मी म्हणाले.

“सांगितलंस तर लग्नाला येऊ नकोस.” तिने पेल्यावर झाकण ठेवलं. खाली बायकांपैकी कोणीतरी शिंकलं, मग दुसरी, मग तिसरी. वारा फिरला होता. मलाही खोकला आला. ताई कठड्याला टेकून श्वास घेत होती, खोल, सावकाश, सकाळच्या हवेत घ्यावा तसा.

मी आत्याला काही न सांगताच शिरपूरला परतले. दोन आठवडे रोज तिला मेसेज करत होते. ती लाल मिरचीचं चित्र पाठवायची, बाकी काही नाही.

पुढच्या खेपेला पोचले तर ओट्यावर गर्दी. ताई पथारीवर कोसळली होती. बायकांनी उचलून आणलं तेव्हा तिच्या केसांत, ओढणीत मिरच्या अडकलेल्या होत्या आणि गालावर मिरचीचा ठसा उमटला होता. शुद्धीवर आली होती ती. तिला भिंतीशी पाटावर बसवलेलं. डोळे आत गेलेले, ओठ पांढरे.

“दवाखान्यात न्यायचं का?” आबा दारातून म्हणाले.

“लग्न तोंडावर आलंय. गावभर होईल, पोरीला काहीतरी आजार आहे म्हणून,” आत्या म्हणाली. “आधी नजर काढू द्या. किती लोक येऊन पाहून गेले पोरीला.”

तिन्हीसांज झाली होती. आत्याने मुठीत मिरच्या, मीठ, मोहरी घेतली, ताईवरून उतरवली, आल्यागेल्याची, घरच्याची-दारच्याची असं पुटपुटली आणि मूठ घमेल्यातल्या निखाऱ्यांवर सोडली. आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत असतं: मिरच्या जळून ठसका लागला नाही तर नजर मोठी. लागला, तर काही नाही.

आधी नुसती तडतड झाली. मग धूर आला. दारातल्या बायका एकदम खोकत मागे सरल्या. आबांनी उपरणं तोंडाला लावलं. माझा घसा आवळला, डोळ्यांतून धारा लागल्या, भिंत दिसेना. आत्या खोकता खोकता हसत होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी पाहिला नव्हता.

“बठ्ठासले ठसका लागना ना? मंग काहीच नजर नही! उगाच घाबरलो आपण. जा गं, कोणीतरी लिंबू-सरबत करा.”

धूर खाली बसत गेला तशी ताई दिसू लागली. घमेलं तिच्या अगदी पायाशी होतं. ती ताठ बसलेली, डोळे उघडे आणि कोरडे. धूर तिच्या तोंडावरून, नाकातून जात होता आणि ती त्यातून माझ्याकडे पाहत होती. पापणी हलली नाही. मला कळत होतं हे का होतं. महिनोन् महिने तेच तिखट खाल्लं, त्याच वाऱ्यात श्वास घेतला की शरीर इशारा द्यायचं सोडतं. पण त्या क्षणी ते ज्ञान माझ्या काही कामाचं नव्हतं. काचेखालच्या फिकट पेशी मला समोर पाटावर बसलेल्या दिसत होत्या.

ताईने मान अगदी किंचित हलवली. नको, असं.

लोक उठायला लागले. आत्या घमेलं उचलत होती. आबांनी हातात घेतलेली गाडीची किल्ली परत खुंटीला अडकवली.

मी वाक्य मनात जुळवत बसले नाही.

“आत्या, ताईला ठसका लागला नाही,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा आला की दारातल्या बायका थांबल्या. “बघ तिच्याकडे, सगळ्यांना लागला, तिलाच नाही. साखरपुड्यापासून ती जेवलेली नाही, नुसतं तिखट पिऊन राहतेय. आबा, किल्ली काढा. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय तिला.”