सरकी निघेपर्यंत

सरकीचा वास आला की आई गेली ते वर्ष आठवतं. अमरावतीत तेव्हा कापसाची धूम होती आणि आमच्या अंगणात बाबा दिवसभर रेचा फिरवून कापसातली सरकी काढत. आम्ही कॅथलिक; शेजारचे प्रॉटेस्टंट मास्तर बाबांना म्हणाले, "मेलेल्या बाईसाठी प्रार्थना काहून करून राहिले? तिचा निवाडा तं झाला."

बाबा रेचा फिरवतच होते. "शास्त्रातच हाय, सोर्गात मळकं काई जात नाई; म्हून मेल्यावरबी जीव साफ व्हावा लागते, अन् त्याले आपली प्रार्थना कामी येते. कापूस चांगलाच हाय, पन सरकी काढल्याबिगर गठाण बांधते काय कोनी? पयले ख्रिस्तीबी आपल्या मेलेल्यायसाठी प्रार्थना करत होते."

मास्तरांना पटलं नाही. बाबा जिंकले, असं मला मात्र वाटलं होतं.

आज मृतांच्या दिवशी बाबांसाठी मेणबत्ती लावली, आणि रेच्याची मूठ त्यांच्या हातून का सुटत नव्हती ते कळलं. आईसाठी अजून काही करता येतं, हे त्यांना सोडायचं नव्हतं.