बाजरीच्या डब्यातला पंप

नातवंडांनो, सुनंदाआत्या गेली एवढंच मी तुम्हाला फोनवर सांगितलं. कशाने गेली, ते सांगायचं राहिलं. इथेही कोणी सांगत नाही. दशक्रियेला तिच्या सासरी, डिंगोऱ्यात, जो तो 'अटॅक आला' म्हणत होता. दमा हा शब्द तिच्यामागेही कोणी उच्चारला नाही, कारण तिची लेक पल्लवी लग्नाची आहे.

सुनंदा माझ्या दिरांची मुलगी. लहानपणापासून तिला धाप लागायची. घरात त्याला 'सर्दीची प्रकृती' म्हणत, आणि लग्न जमवताना तेच सांगितलं गेलं. सासरी तिने दम्याचा पंप बाजरीच्या डब्यात खुपसून ठेवला. डॉक्टरांनी तो रोज, बरं वाटत असतानाही ओढायला सांगितला होता. ही मात्र जीव घुसमटला तरच काढायची. मी रागावले की म्हणायची, "काकू, रोज घेतला तर सवय लागंल. मग खऱ्या येळेला चालायचा न्हाई." तिच्या सासूबाईंनाही डब्यातलं ठाऊक होतं. झाकण उघडं राहिलं तर त्या मुकाट्याने लावून टाकायच्या... त्यांच्या परीने ती मायाच होती.

यंदा कांदाचाळीत साठवलेला कांदा निवडायला काढला. धुळीने सगळ्याच खोकत होत्या.

"सुनंदा, तुझा भाता लई वाजतोय गं!" शेजारीण म्हणाली.

"वाजू दे की. पल्लवीच्या लग्नात बँड नको लावायला."

सगळ्या हसल्या. त्यांच्यात पल्लवीला मागणी घातलेल्या घरची मावशीही होती. तिच्यादेखत सुनंदाने पंप मागितला नाही, उठून घरातही गेली नाही. कांद्याच्या ढिगाला टेकून बसली, ओठ निळे पडेपर्यंत. आळेफाट्याच्या दवाखान्यात नेताना वाटेतच संपली.

दिवसकार्य झाल्यावर तिचा पंप मी धुऊनपुसून टीव्हीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा ठेवला. परवा पुन्हा गेले. पल्लवी भाकरी थापत होती आणि तिच्या छातीतून तीच बारीक शिट्टी येत होती.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

तिने सुनंदाच्या सासूबाईंकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "सर्दी हाय, आजी. नुसती सर्दी."

टीव्हीशेजारी पंप नव्हता. मी बाजरीच्या डब्यात हात घातला. तळाशी दोन लागले... एक सुनंदाचा, दुसरा कोरा.

मी हात बाहेर काढला. सासूबाईंनी पुढे होऊन झाकण लावलं.