बाळंतिणीची मरळ

त्या वर्षी माझं देवाशी धड नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. परंड्याजवळच्या आमच्या तलावात उन्हाळ्याआधीच चिखल उघडा पडला होता. मच्छीमार सोसायटीनं सोडलेलं बीज वाढायच्या आतच पाणी आटलं. चांगली जाळी घेऊन भाऊबंद उजनीकडं गेले. मला जाता आलं नाही, कारण घरात बाळंतीण होती. पहिलीच वेळ. मुलगी झाली, पण बायकोचं रक्त फार गेलं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी इंजेक्शनं दिली आणि काहीतरी ताकदीचं खायला घाला म्हणून घरी पाठवलं. तिच्या तोंडात घास नुसता फिरायचा, खाली उतरायचा नाही. अंगावर दूध नव्हतं. पोर रडून रडून दमायची आणि मग रडायचीही नाही. आई म्हणाली, मरळ आण. आमच्याकडं बाळंतिणीला मरळीचं कालवण देतात, त्यानं रक्त भरतं म्हणतात.

दिवस उगवायला तलावावर गेलो. ट्रकची हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर फळी बांधायची आणि हातानं पाणी मारत आत जायचं, हीच आमची होडी. त्या दिवशी ट्यूबच्या जुन्या ठिगळातून हवा जात होती. जाळं सोसायटीनं टाकून दिलेलं. त्याच्या वरच्या दोरीची तरंगती लाकडं निम्मी तुटलेली. खोल पाण्याकडं निघालो, तर अर्ध्या वाटेत फळी पाण्याखाली जायला लागली. ओलाचिंब होऊन परत फिरलो. शेवटी काठालाच, बेशरमाच्या झुडपांशी, कमरेएवढ्या पाण्यात जाळं सोडलं. ते उभं राहीना, चिखलात जाऊन बसलं. मीही काठावर बसलो. ऊन वर आलं. पाण्यावर साधा बुडबुडा नव्हता.

तिथं बसून मी सोनारीच्या भैरवनाथाला जे म्हणालो, ते पुढं कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मी म्हणालो, दोघींतली एक न्यायचीच असेल तर पोर ने, हिला ठेव. रडून म्हणालो असतो तर निदान तेवढं तरी समाधान असतं. बाजारात सौदा करावा तसा थंडपणे म्हणालो.

थोड्या वेळानं एक म्हातारी पाय धुवायला पाण्याशी आली. सोनारीलाच पायी चालली होती. मासे गावले का, म्हणून तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"मासं झोपल्यात का तू?" ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत लुगडं खोचून पाण्यात उतरली. जाळ्याचं दुसरं टोक तिनं धरलं. चिखलात रुतलेलं जाळं मला एकट्याला निघालं नसतं. दोघांनी ओढलं तेव्हा त्यात हातभर मरळ तडफडत होती. मरळ काठच्या चिखलात, झुडपांच्या आडोशाला राहते. ट्यूब धड असती तर मी तिकडं जाळं टाकलंच नसतं. घडलं ते एवढंच.

पण मरळ हातात आली आणि मी तसाच उभा राहिलो. आमच्या घरात पहिला मासा भैरवनाथाच्या नावानं पाण्यात परत सोडतात. माझ्या बापानं हे कधी मोडलं नव्हतं. आणि दुसरा मासा लागेल असं काही दिसत नव्हतं. मी म्हातारीला ते सांगितलं, घरची हकिगतही सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि हात पुढं केला.

"नाथाची हाय न्हवं? मग आण हिकडं. म्या नाथाकडंच चाललेय."

मला नाही म्हणता येईना. मरळ तिच्या पदरात टाकली. ती चार पावलं गेली, वळली आणि मरळ पुन्हा माझ्या हातात दिली.

"ही आता नाथानं बाळंतिणीला धाडली. जा लेकरा, जित्ती हाय तवर ने."

तिचं नाव-गाव विचारायचं मला सुचलं नाही. बायकोनं त्या दिवशी वाटीभर कालवण पिऊन आणखी मागितलं. दोन-तीन दिवसांत पोर अंगावर पिऊ लागली. इंजेक्शनांनी, मरळीनं की आणखी कशानं, ते मला ठाऊक नाही. दोघी जगल्या.

माझं मागणं मात्र माझ्यापाशीच राहिलं. पोर मांडीवर येऊन बसली की मी काहीतरी काम काढून उठायचो. आई म्हणायची, बापाला लेक नको होती वाटतं. मी ते ऐकून घ्यायचो.

गेल्या वर्षी त्याच लेकीच्या बाळंतपणाचे दिवस भरत आले होते. बायको म्हणाली, नाथाला नवस बोला. मला बोलवेना. मग तिला सगळं सांगितलं. ती तुरीची डाळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही. खाली बघतच म्हणाली, "म्याबी तवा नाथाला बोलले व्हते. मला न्या, पोरीला ठिवा."

इतकी वर्षं आम्ही जोडीनं सोनारीला जात होतो, शेजारी उभं राहून हात जोडत होतो. नाथानं आम्हा दोघांचंही ऐकलं नव्हतं. तिथं गेल्यावर आता मी काही मागत नाही. त्यानं त्या दिवशी माझ्याकडं लक्ष दिलं नाही, एवढ्यासाठीच डोकं टेकतो.