बोलणारी कोण होती?

गोदाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या घरी भाजी निवडत बसले होते. फोनवर थोरले भाऊजी होते, त्यांचे यजमान. अर्धांगवायूनंतर त्यांची जीभ जड झालीय, त्यामुळे एक-एक शब्द सोडवून घ्यावा लागतो. "गेली… शैला… गेली ती." मला लगेच रडू आलं नाही. मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मंगळवार होता. आणि स्वयंपाकघरात भर सकाळी, लख्ख उजेडात, मला इतकी भीती वाटली की हातातली मेथीची जुडी मी तशीच घट्ट धरून बसले. त्या भीतीचं कारण कुणाला सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल. आता काही आठवडे उलटलेत, म्हणून सांगते.

गोदाक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी उमरग्याची. लग्न होऊन कळंब तालुक्यातल्या सासरच्या गावी आले, तेव्हा पहिल्याच मंगळवारी सासूबाईंनी मला देवघराच्या उंबऱ्याशी बसवलं आणि म्हणाल्या, "आज आई येणार हाय. पाया पडायचं. नजर वर करायची न्हाय." मला वाटलं कुणी पाहुणी येणार असेल. खोलीत गावातली आणि वाड्यावस्त्यांवरची माणसं दाटीनं बसली होती. समोर पाटावर गोदाक्का. केस मोकळे, कपाळभर मळवट. सकाळी मला भाकरी थापायला शिकवणारी, माझ्या वेड्यावाकड्या भाकरीला हसणारी ही बाई हळूहळू डुलायला लागली, मग कापायला लागली आणि मग तिच्या तोंडून एक आवाज आला… जाड, खोल, घशाच्याही खालून आलेला. गोदाक्कांचा आवाज बारीक होता. माझ्या अंगावर काटा आला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. त्या आवाजात गोदाक्का लोकांची दुखणी, हरवलेली जनावरं, तुटलेले संसार यांवर उत्तरं देत. थोड्या वेळानं भानावर येत, पाणी मागत, आणि केस बांधून सरळ चुलीकडे जात.

हळूहळू मला घरातलं कळत गेलं. गोदाक्कांना मूल नव्हतं. त्यापायी सासूबाईंनी त्यांना फार बोलून घेतलं होतं. माहेरी पाठवायच्या, दुसरी करायच्या गोष्टी झाल्या होत्या. मग एका नवरात्रात त्यांच्या अंगात आलं, आणि दुसऱ्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. सासूबाई मंगळवारी सुनेच्या पाया पडू लागल्या. म्हणजे देवी नुसती देवी नव्हती, गोदाक्कांच्या डोक्यावरचं छप्पर होती. पुढं त्यांनी जे केलं ते समजून घ्यायचं तर एवढं ध्यानात ठेवावं लागतं.

एका पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरची एक आई आपल्या लेकीला घेऊन आली. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, मूल झालेलं, आणि ताप उतरत नव्हता. देवी म्हणाली, "भिऊ नको. अंगारा लाव, ओटी भर. माझी लेक हाय ती." त्या दोघी हात जोडून गेल्या. तापानं ती पोर पुढं बोलेनाशी झाली, मग जीप शोधली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच ती गेली. आम्हाला वाटलं, आता ती आई येऊन शिव्याशाप देईल. ती आली, पुढच्याच मंगळवारी. नारळ, खण, तांदूळ घेऊन. बोललेली ओटी भरली, पाटापुढं डोकं टेकवलं आणि म्हणाली, "आईची मर्जी. माझंच कायतरी चुकलं आसंल."

त्या दिवशी गोदाक्का जेवल्या नाहीत. गोठ्यात शेणाच्या पाट्या भरत राहिल्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "शैले, ती भांडली आसती तर बरं झालं आसतं गं." मग पाटी उचलता उचलता, "भिऊ नको म्हणून ती बोलली का मी? मला त्यातलं कायबी आठवत न्हाय. तुमी सांगता तेवढंच मला ठाऊक. मग खरं-खोटं कुणाला इच्यारावं?"

मी म्हणाले, "आक्का, असं बोलू नका." मला भीती वाटत होती. गोठ्याला भिंती तीनच होत्या, आणि चौथ्या बाजूनं कुणीतरी ऐकतंय असं मला वाटत होतं.

पण त्यांच्या मनानं ते घेतलंच. दोन-चार दिवसांनी नदीवर धुणं धुताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "मंगळवारी तू तिला इच्यार. मला ठाऊक न्हाय आसं कायतरी. मुठीत कायबी धर आन् म्हण, सांग काय हाय."

"मी नको, आक्का. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसऱ्या कुणावर माझा इश्वास न्हाय."

"आणि ती रागावली तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा दिवस गेलेले होते, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "व्हय," त्या म्हणाल्या, "हे माझ्या ध्यानात आलं न्हाय. ऱ्हाऊ दे." आणि पुन्हा धुणं आपटायला लागल्या. पण कपडा त्यांच्या हातातून पुन्हा पुन्हा निसटत होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मी विचारीन, असं मीच म्हणाले. का म्हणाले ते आजही नीट सांगता येणार नाही.

मंगळवारी मी मुठीत एक चिंचोका धरला. घामानं तो ओला झाला. माणसं आपापली गाऱ्हाणी सांगत होती आणि देवी उत्तरं देत होती. माझा नंबर आला तेव्हा सासूबाई चमकल्या, कारण घरातल्या माणसांनी विचारायची रीत नव्हती. मी मूठ पुढं केली. शब्द कसेबसे आले, "आई, माझ्या मुठीत काय आहे?"

डुलणं थांबलं. त्या डोळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि ते डोळे माझ्या आक्कांचे नव्हते हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन. बराच वेळ ती नुसती पाहत राहिली. माझा दुसरा हात पोटावर गेला होता. मग तो खोल आवाज आला, "तुझ्या मुठीत भ्या हाय, लेकरा."

माणसांनी जमिनीवर डोकी टेकवली. सासूबाई रडायला लागल्या. आणि मी… माझी मूठ उघडेचना.

संध्याकाळी गोदाक्कांनी विचारलं, "काय म्हणली?" मी सांगितलं. चिंचोका दाखवला. त्या त्याच्याकडं बघत बसल्या. मला वाटलं, आता त्या सुटल्या, एकदाचं उत्तर मिळालं. त्या म्हणाल्या, "शैले, हे तर मी बी सांगितलं आसतं. तुझ्या तोंडावर लिवलेलं आसणार."

"पण ते खरं होतं, आक्का."

"खरं हुतं. पण चिंचोका बी खरा हुता. तो का न्हाय दिसला?" चिंचोका बोटानं उलटवत त्या म्हणाल्या, "आन् मी बोलले म्हणावं, तर म्या बोललेलं मला ठाऊक कसं न्हाय?"

देवी खरी म्हणाले असते तर ती पोर तिच्यामुळं गेली. खोटी म्हणाले असते तर गोदाक्कांमुळं. दोन्हीकडं अंधारच होता, आणि त्या दोन्हीकडं बघायला तयार होत्या. मी नव्हते.

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला पाटाशेजारी बसवून माझा हात धरला. माणसं जमली. त्यांचं अंग कापायला लागलं, मान फिरायला लागली. पण त्यांनी ओठ दातांखाली घट्ट दाबून धरले होते. ओठातून रक्त आलं. घशातून आवाज वर येत होता आणि त्या तो गिळत होत्या. माझी बोटं इतकी आवळली की मला कळ सोसवेना, पण हात सोडवून घ्यायचं धैर्य झालं नाही. शेवटी त्या भिंतीला टेकल्या, डोळे उघडले आणि आपल्या बारीक आवाजात म्हणाल्या, "आजपासून कुणी इच्यारू नका. मला ठाऊक न्हाय. दुखणं आसंल तर दवाखान्यात जावा."

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. उठून जाताना एक म्हातारा म्हणाला, "देवीचं तोंड दाबलंस पोरी. ती सोडायची न्हाय."

त्यानंतरचे महिने मी घाबरतच काढले. म्हैस गाभडली, तर गावानं आमच्या घराकडं पाहिलं. माझी मुलगी सुखरूप जन्मली, तरी पहिलं वर्षभर तिला साधी सर्दी झाली की मी रात्रभर तिच्या उशाशी जागत बसायचे. आणि मग थोरले भाऊजी रानातच कोसळले. त्यांना बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा तोंड वाकडं झालं होतं, एक हात लोंबत होता. सासूबाईंनी सुनेपुढं पदर पसरला. "बस गं पाटावर. बोलव तिला. माझ्या लेकासाठी माफी माग." दारात अर्धा गाव उभा होता. गोदाक्का देवघराच्या दारापर्यंत गेल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मला पाठमोरं त्यांचं अंग दिसत होतं, आणि ते कापत होतं. मग त्या वळल्या आणि मला म्हणाल्या, "जीप बोलव."

बार्शीच्या दवाखान्याकडं जाताना भाऊजींचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बोलावली आसती तर आली आसती गं. दाराशीच हुती. हे मेले तर मी काय करू?" त्या घाबरल्या नव्हत्या असं कुणी म्हणत असेल तर त्यानं ती जीप पाहिली नाही.

भाऊजी वाचले. डावी बाजू गेली. सासूबाई म्हणाल्या, "देवीनं अर्धा दिला, अर्धा ठिवून घेतला." मी गोदाक्कांना म्हटलं, "बघा, तुम्ही बरोबर होता." त्यांनी मान हलवली. "हे वाचले म्हणून ती खोटी ठरत न्हाय, शैले. मेले आसते म्हणून खरी बी ठरली नसती."

लोकांना वाटलं, गोदाक्का नास्तिक झाल्या. तसं नव्हतं. दर मंगळवारी त्या आंघोळ करून त्याच पाटावर बसत, केस बांधून, तोंड मिटून. काय करता, विचारलं तर म्हणत, "ऐकती." आणि कुणी कीर्तनकार, कुणी महाराज गावात आले की सगळ्यांत शेवटी जाऊन विचारत, "तुमाला कसं कळलं?" बहुतेक जण गोष्ट सांगत, काही रागावत. एकदा माझ्या माहेरी उमरग्याला आम्ही एका मठातल्या म्हाताऱ्या स्वामींकडे गेलो. त्यांनी प्रश्न ऐकून घेतला, डोळे मिटले, आणि पुटपुटले, "गोत्तिल्ल, अव्वा." बाहेर आल्यावर आक्कांनी विचारलं, "काय म्हणले?" मी कानडी जाणते. म्हटलं, "ठाऊक नाही आई, असं म्हणाले." एसटी तुळजापूरच्या पुढं जाईपर्यंत त्या गालात हसत होत्या. "एक तरी सोबतीला भेटला," म्हणाल्या. एवढं हसताना मी त्यांना फार कमी पाहिलंय.

जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना दवाखान्यात भेटले. छातीत पाणी झालं होतं, उशीला टेकवून बसवलं होतं. मला बघून म्हणाल्या, "भ्या वाटतंय, शैले." मी त्यांचे पाय चेपत म्हणाले, "देवाचं नाव घेऊ का?" त्या म्हणाल्या, "घे. गोड लागतंय." मी घेतलं. मध्येच त्यांनी थांबवलं. "शेवटाला ती येईल का गं? का कुणीच नसंल?" त्यांचे डोळे मोठे झाले होते. आयुष्यभर विचारलेलाच प्रश्न होता तो, पण आता त्याला वेळ उरला नव्हता. काहीतरी गोड बोलून टाकावं असं मला फार वाटलं. पण त्यांच्यापुढं ते जमलं नाही. "ठाऊक नाही, आक्का," मी म्हणाले. त्यांनी माझा हात दाबला. त्या दाबण्यात राग नव्हता.

तेराव्यानंतर मी भाऊजींसाठी थोडे दिवस गावीच राहिले. मंगळवारी सकाळी एक बाई दारात आली, लांबच्या गावची. "इथं देवी बोलती म्हणं." तिच्या नवऱ्याच्या गळ्यात गाठ होती, डॉक्टरांनी सोलापूरला न्यायला सांगितलं होतं, आणि न्यावं की नाही हे तिला देवीला विचारायचं होतं. मी तिला देवघरात बसवलं, पाणी दिलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. त्या नजरेपुढं काहीही बोलले असते तरी तिनं ते मानलं असतं, हे कळून मला धडकी भरली. "देवी बोलायची केव्हाच थांबली," मी म्हणाले, "आणि ज्यांच्या अंगात यायची त्याही गेल्या. सोलापूरला जा, उशीर करू नका."

"बरं व्हतील का?"

"ते मला माहीत नाही."

तिनं पाणी संपवलं. मग पाटाला हात लावून, तो कपाळाला लावून, निघून गेली.

मी तिथंच बसून राहिले. गोदाक्कांच्या बसण्यानं पाट मधोमध गुळगुळीत झालाय, जरासा खोलगटही. मी त्यावर तळवा ठेवला. पाट कोमट होता. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखा. मागं वळून बघायची हिंमत होईना. उठून बाहेर जावं आणि हे कधी कुणाला सांगू नये, असं वाटलं. किंवा सगळ्या गावाला सांगावं. आक्कांनी या दोन्हींतलं काही केलं नसतं. त्यांनी आधी बघितलं असतं. मी मान वर केली. जाळीतून ऊन आत येत होतं. कवडसा पाटापासून हातभर लांब, भिंतीच्या कडेला पडला होता. मघाशी तो पाटावर असेल. सरकला असेल… असेलच.

मी हात मात्र उचलला नाही. पाट गार होईपर्यंत बसून राहिले.