म्हातारपण, दहा गुणांसाठी

कॉलेजात मी वर्षानुवर्षं एकच कादंबरी शिकवली. लेखकानं ती ऐन तिशीत लिहिली आणि नायक केला सत्तरीचा. त्या म्हाताऱ्याला एका संध्याकाळी बायकोचं नाव आठवत नाही, म्हणून तो मावळतीकडं बघत दीड पान बोलतो. वर्गात मुली डोळे टिपायच्या. परीक्षेला प्रश्न ठरलेला: वृद्धत्वाचे चित्रण, दहा गुण.

पुढं लेखक स्वतः म्हातारा झाला. त्याच्या बायकोनं एका कार्यक्रमात सांगितलं, हे दिवसभर चष्मा शोधतात आणि दूधवाला आला का विचारतात. मावळतीकडं कधी बघत नाहीत, त्या वेळी चहा असतो. हे काही अभ्यासक्रमात नव्हतं.

आता पुंडलिकनगरला आमच्या घरी तोच धडा चालू आहे. ह्यांनी जन्मभर मला 'अगं' म्हटलं, मी ह्यांना 'अहो'. एकमेकांचं नाव घ्यायची आमच्यात पद्धतच नाही. त्यामुळं हे भाचीला 'ती आपली' आणि सगळ्या शेजाऱ्यांना सरसकट 'साहेब' म्हणायला लागले, तेव्हा मला एकच धास्ती बसली. माझं नाव ह्यांना आठवतं का? कळणार कसं? 'अगं' तर झोपेतसुद्धा चुकत नाही. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, पंतप्रधान विचारले. बायको राहिली. आणि मी कशाला विचारतेय! उत्तर आलं नाही तर पुढं काय करायचं, भाजी निवडायची?

गेल्या महिन्यात पुतण्याच्या लग्नाला लासूर स्टेशनला गेलो. जेवणं झाली, नवरा-नवरीचे उखाणे झाले, तशी पोरींनी आमच्याकडं मोर्चा वळवला.

"काका, आता तुम्ही! काकूंचं नाव घ्या!"

मी घाईघाईनं म्हटलं, "सोडा गं, त्यांचा गुडघा दुखतोय."

"उखाणा काय गुडघ्यानं घेतात व्हय?" नवरीची आत्या म्हणाली. ही बाई पहिल्यापासून आगाऊ.

हे उठले. सदरा खाली ओढला आणि आमच्या लग्नातलाच उखाणा खणखणीत आवाजात सुरू केला.

"हिमरू शालीवर नक्षीचा थाट..."

आणि थांबले.

"लाजले! काका लई लाजले!" एकच हशा. सगळ्यांचे मोबाइल वर. मला एकेकीच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

हे माझ्याकडं वाकले आणि हळूच म्हणाले, "अगं, सांग की पटकन." बनियन कुठं ठेवलंय विचारावं, तसं. मी कानात सांगितलं. ह्यांनी ते नाव मोठ्यांदा घेतलं आणि उखाणा पुरा केला, "...च्या सोबतीनं चालतो संसाराची वाट!" टाळ्या पडल्या. आत्याबाईंनी दृष्टसुद्धा काढली.

परतताना गाडीत हे खिडकीशी बसले होते. बाहेर दिवस मावळत होता. ह्यांचं लक्ष पुढच्या उसाच्या ट्रॉलीवर होतं.

ट्रॉली मागं पडली तसे म्हणाले, "नाव छान आहे गं. कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

हे चक्क रागावले. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"