शिकेकाईने धुतलेली शर्यतीची मोटार

आमच्या घराण्यात एक शर्यतीची मोटार होऊन गेली. (मोटार पारशिवनीकडच्या एका मालगुजारांची, म्हणजे जमीनदारांची, आणि आमचे बाबा तिचे ड्रायव्हर, पण 'मालगुजारांची' म्हटलेलं बाबांना खपत नसे!) पुढे मालगुजारी गेली, मोटार भंगारात गेली आणि बाबा शेतीला लागले. पण मन काही लागलं नाही. जेवता जेवता हात थांबायचा. "एकडाव दिसाले पाहिजे होती ते," म्हणायचे, आणि मला पुढचा घास जात नसे.

मी तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, शहरात गांधीबागेतल्या दोन खोल्यांत राहणारा कारकून. खरी मोटार कुठून आणणार? म्हणून हातभर लांबीची करून बाबांना दाखवायचं ठरवलं. बाबांकडचा एक जुना फोटो समोर ठेवला. अंगाला तुपाच्या डब्याचा पत्रा, चाकांना सायकलच्या तुटक्या आऱ्या, बॉनेटवरच्या पट्ट्यासाठी मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा. (घड्याळ चालू होतं. तेव्हापासून ते खिशात!)

भाद्रपदात गाडी तयार झाली. हिरवीगार, चकचकीत... आणि अगदी खेळणं दिसायला लागली! शर्यत मारून आलेली गाडी अशी असते होय? मग मी ती मळवायला घेतली. स्टोव्हची काजळी डिंकाच्या पाण्यात कालवून धुराच्या नळीमागे फासली, बादलीचा गंज खरवडून खिळ्यांभोवती लावला, शिलाई मशीनचं तेल पोटाखाली ओघळवलं आणि चाकांवर खास आमच्या शेतातली काळी माती.

"हे काय करून राहिले तुमी?" बायकोने, सुधाने विचारलं.

"जुनी करून राहिलो."

"अवं माय! लोक जुन्याले नवं करते. तुमी नव्याचं मातेरं काहून करून राहिले?"

"तुले नाही समजत त्यातलं."

(हे वाक्य कोणत्याही नवऱ्याने उच्चारू नये.)

दसऱ्याच्या सकाळी बाबांना आणायला बस स्टँडवर गेलो. येताना रस्ताभर डोक्यात एकच. बाबांनी ओळखलीच नाही तर? दार उघडलं आणि पाहतो तर काय! भिंतीशी पूजेची रांग: सायकल, शिलाई मशीन, विळी आणि शेवटी माझी गाडी. शिकेकाईने धुतलेली, खोबरेल चोळलेली, तोंडावर हळदकुंकू, गळ्यात झेंडूचा हार आणि चाकांखाली लिंबं. (लिंबं जवळजवळ चाकांएवढी! गाडी अधांतरी!)

"सुधा! गाडीवरचा मळ कुठं गेला?"

"मोरीत! दसऱ्याचा दिवस, मामंजी येऊन राहिले, अन् घाणेरडी गाडी पुजू? तुमची सायकलबी मीच धुतली, तिचं तर काही बोलले नाही!"

"अवं, तो मळ नव्हता, कलाकुसर होती!"

"चूप बस गा," बाबा म्हणाले. ते खाली बसले. चष्मा धोतराला पुसला, बॉनेटवरून हलकेच बोट फिरवलं. "हे तं माझी गाडी," म्हणाले आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला. मलाही रडू येत होतं. तिथंच थांबायला हवं होतं. पण माझं तोंड!

"बाबा, काल पाहाले पाहिजे होती. चिखल, काजळी, तेल गळून राहिलेलं... हुबेहूब!"

बाबा ताडकन उठले. "माझी गाडी? चिखलात? अबे, रोज सकाळी धुवत होतो मी तिले! मालक मिशा पाहे तिच्या बॉनेटमधी! इतके वर्ष तुले हेच वाटून राहिलं का, तुझा बाप घाण गाडी फिरवे?" मग सुधाकडे वळले. "पोरी, गाडी तुले समजली." आणि आपट्याचं पहिलं सोनं माझ्याऐवजी तिच्या हातात!

गाडी मात्र त्यांनी नेली नाही. "तिकडं लय धूळ. तू रोज पूस, मी येऊन पाहीन." आणि खरंच, दर खेपेला चपला काढायच्या आधी मागच्या चाकावर बोट फिरवायचे आणि मला झापायचे.

बाबा गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. फार आठवण येते हो. गाडी मी अजून रोज पुसतो. मागचं चाक तेवढं मुद्दाम सोडतो आणि कोणी ओरडतंय का, म्हणून जरा वेळ तिथंच घुटमळतो. सुधा सगळ्यांना सांगत असते, "इतकं वय झालं, पण यांले अजून गाडी पुसता येत नाही!"