आधी शेवट लावून बघा

शूटिंगवाले मामा लग्नाची डीव्हीडी कुणाला नुसती हातात द्यायचे नाहीत. दुकानाच्या कोपऱ्यात एक जुना टीव्ही होता आणि त्याखाली त्याहून जुना प्लेयर. गिऱ्हाईक आलं की डिस्क त्यात घालायची आणि आधी शेवट लावायचा. गणपती नाही, हळद नाही, मंगलाष्टकं नाहीत, थेट पाठवणी. माणसं वैतागायची, त्यांची बस निघायची वेळ झालेली असायची. मामा जागचे हलायचे नाहीत. म्हणायचे, "सुरुवात सगळ्यांचीच चालती. डिस्क आतून बाहेर लिहिली जाती, बिघडती ती कडंला. शेवट दिसू द्या, मग खुशाल घिऊन जा."

नेकनूरच्या बसस्टँडसमोर त्यांच्या दुकानाला लागून माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसभर कुणाचा अंगठा उमटत नाही, नाहीतर सर्व्हर चालत नाही, आणि दोन्हीचं खापर माझ्याच डोक्यावर. खरं सांगते, कंटाळा आलाय या सगळ्याचा. मागच्या महिन्यात अशाच एका रटाळ दुपारी मामी आल्या. मामांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. गपगुमान रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर आल्यावर म्हणाल्या, "फारम न्हाई भरायचा बाई. ह्यांचा आवाज पायजे. इतक्या लग्नांत हिंडले, कुठंतरी आसंलच की. आमच्या टीव्हीवर लागंल आसा करून दी." मोबाइल त्यांच्याकडे बटणांचा. घरी मामांचा तोच दुकानातला प्लेयर, आणि तेवढाच त्यांना लावता येतो.

माझ्या तोंडून पटकन हो निघेना. मामा जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिले, चित्रात यायचा प्रश्नच नव्हता. आवाज म्हणाल तर तो त्यांनी स्वतःच्याच हाताने पुसलेला. लग्नात ते गर्दीवर बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि दुकानात येऊन मूळ आवाज सगळा काढून टाकून वर गाणी घालायचे. "लोकांनी लगीन बघायचं का माझं वरडणं ऐकायचं?" असं म्हणायचे.

तापट होते, पण तो ताप कॅमेरा खांद्यावर असेपर्यंतच. एकदा घाटनांदूरच्या एक मावशी डिस्क परत घेऊन आल्या. "दिसंना ओ," म्हणाल्या. मामांनी डबी उघडली तर चकचकीत बाजूवर हळदीकुंकवाची बोटं! लेकीच्या लग्नाची डिस्क, देवापुढे ठेवल्याशिवाय लावायची कशी? आणि चकाकते तीच पुढची बाजू, असं कुणालाही वाटणार. मामांनी मऊ फडक्याने ती मधून कडेकडे पुसली, गोल गोल नाही. मग म्हणाले, "मावशी, कुंकू नावाच्या बाजूला लावायचं. ह्या बाजूला लगीन हाय." त्या दिवसापासून डिस्क देताना नावाच्या बाजूला कुंकवाचं बोट ते स्वतःच लावून द्यायला लागले.

मला या धंद्यातलं काही कळतं ते त्यांच्यामुळे. माझं दुकान नवं असताना शाळेच्या गॅदरिंगच्या डिस्क मी मोठ्या तोऱ्यात करायला घेतल्या. व्हिडिओची फाइल होती, ती डिस्कवर टाकली, माझ्या कॉम्प्युटरवर झकास चालली, वाटून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात सगळ्या आया. कुणाच्याच घरी लागेना. मला रडूच फुटायचं बाकी होतं. मामा शेजारून आले, एक डिस्क उलटसुलट करून बघितली आणि हसले.

"पोरी, कॉम्प्युटरला दात हायत. त्याला ज्वारीचे दाणे दिले तरी तो चावून खातो. घरच्या प्लेयरला दात न्हाईत. त्याला भाकरच करून, दुधात कुस्करून द्यावी लागती."

मग खुर्ची ओढून बसले आणि संध्याकाळपर्यंत शिकवत राहिले. प्लेयरला कळतो तो व्हिडिओचा प्रकार वेगळा, त्याची चौकट ठरलेली, फाइलींची नावं आणि फोल्डरसुद्धा ठरलेले. सगळं झालं की शेवटी डिस्क बंद करायची. उघडी राहिली तर ती जिथे लिहिली त्या मशीनशिवाय कुणाला ओळख देत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी तीनतीनदा बजावली: "एकदा चांगली झालेली फाइल पुन्यांदा दुसऱ्या प्रकारात बदलू नको. दर बदलाला चित्र झिजतं, आवाज बी झिजतो. काऊन घाई करतीस? नुसतं काप आन् जोड."

पुढे सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. लग्नं फोनवरच बघून संपायला लागली. मामा तरी रोज शटर वर करायचे, टीव्हीवरची धूळ पुसायचे आणि बसून राहायचे. शेवटी शेवटी मी चहा घेऊन गेले की म्हणायचे, "दमलो बघ." मीही दमलेलीच असायची. दोघं बसून चहा प्यायचो. मग एका आठवड्यात शटर उघडलं नाही, आणि ते उघडलंच नाही.

मामी येऊन गेल्या त्या रात्री मला मामांशी झालेलं माझं भांडण आठवलं. माझं माहेर तेलगावचं. माझ्या लग्नाचं शूटिंग सासरच्यांनी सांगितलेलं, म्हणून मामाच आले होते. पंधरा दिवसांची नवी नवरी मी, डिस्क बघितली आणि तरातरा त्यांच्या दुकानात गेले. सगळ्या लग्नाला गाणी, आणि ऐन पाठवणीत यांचं खेकसणं! "माझ्या पाठवणीत तुमचा आवाज कशाला?" असं चारचौघांत विचारलं. मामा खाली बघत म्हणाले, "सूनबाई, तिथं तुमचे वडील तुमचं नाव घिऊन रडालते. गाणं टाकलं आसतं तर ते गेलं आसतं. ते ठिवलं, त्याच्याबरूबर माझं बी ऱ्हायलं. नको आसंल तर काढून देतो." मी फणकाऱ्याने निघून आले. डिस्क कपाटात टाकली ती टाकलीच. पुढे माझे वडील, अप्पा, गेले, तेव्हाही हात लागला नाही.

आता ती काढली. आणि जायची तीच जागा गेलेली: शेवट. पाठवणी आली की चित्राचे चौकोन व्हायचे आणि थांबायचं. मऊ फडकं घेतलं, मधून कडेकडे पुसलं. दुसऱ्या मशीनला लावून बघितलं, मग तिसऱ्या. चौथ्या दिवशी ती अख्खी वाचली गेली. अप्पांनी माझं नाव घेतलं. दोनदा. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पोटभर रडले. केवढं जपून ठेवलं होतं त्या माणसाने, आणि मी त्याला काय काय बोलले होते!

फाइल बदलली नाही. नुसतं कापलं, जोडलं, डिस्क बंद केली. नावाच्या बाजूला कुंकवाचं बोट लावलं आणि मामींच्या घरी गेले.

मामी टीव्हीसमोर सतरंजीवर एकट्याच बसल्या होत्या. मी आधी शेवट लावून बघितला, मग पहिल्यापासून लावलं. आमचं तेलगावचं अंगण, बायकांची गर्दी, अप्पांचा हुंदका. आणि त्या सगळ्यावर मामांचा खणखणीत आवाज: "ओ बाई, जरा बाजूला सरा की! पोरगी दिसंना!"

मामींनी पदर सावरला आणि बसल्या जागेवरून बाजूला सरकल्या.